वन्यजीव आणि हवामान अनुकूलनातला पोस्टडॉक: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी विद्यापीठातल्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र विभागांतून, तसंच जिल्ह्यातल्या कॉलेजांतून पीएचडी झालेली किंवा होत आलेली मुलंमुली जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. योजनांचे नियम आणि रकमा बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी ताजी जाहिरात वाचायचीच. मतं माझी आहेत. काही ठिकाणी तिखट झाली असतील, पण कोल्हापुरात तेवढं चालतं.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची आणखी एक पदवी का?

नाही. दीक्षान्त समारंभ नाही, नावापुढं लावायला अक्षरं नाहीत. एक ते तीन वर्षांची, कधी थोडी जास्त, अशी ती कराराची संशोधनाची नोकरी असते. तिचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक आधी समजून घ्या, कारण बहुतेकांची गल्लत इथंच होते.

पहिला प्रकार प्रकल्पावरचा. एखाद्या प्राध्यापकाला किंवा संस्थेला निधी मिळालेला असतो, प्रश्न ठरलेला असतो, जंगलही ठरलेलं असतं. तुम्ही तिथं 'रिसर्च असोसिएट' म्हणून लागता. दुसरा प्रकार फेलोशिपचा. प्रश्न तुमचा, प्रपोजल तुमचं, पैसे तुमच्या नावावर. मार्गदर्शक आणि संस्था तुम्ही निवडायची. पहिल्यात शिकायला मिळतं, दुसऱ्यात नाव होतं. माझं मत विचाराल तर पीएचडीनंतर लगेच कुणाच्या तरी चांगल्या प्रकल्पावर एक-दोन वर्षं काढा आणि तिथं असतानाच स्वतःच्या फेलोशिपचं प्रपोजल लिहा. मात्र दोन्ही वेळा एक पथ्य पाळा: पीएचडीच्याच गाइडकडे, त्याच विषयात, त्याच टेबलावर पोस्टडॉक करू नका. सोयीचं असतं, भाडं वाचतं, पण निवड समितीला त्यात नवा माणूस दिसत नाही.

"डॉक्टर झालास की, आता बास की शिकणं!" असं घरचे म्हणतात. काय सांगायचं?

शिकतोय म्हणूच नका, नोकरी आहे म्हणा आणि पगाराचा आकडा सांगा. पुढचा प्रश्न "पर्मनंट हाय का?" असा येईल. त्याला "नाही" हेच खरं उत्तर आहे. ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लग्नाच्या बैठकीत दुसरं कुणीतरी सांगतं.

मग पगार किती?

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं, म्हणजे डीएसटीनं, १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार रिसर्च असोसिएटच्या तीन पायऱ्या आहेत: महिना ५८ हजार, ६१ हजार आणि ६७ हजार. यावर घरभाडे भत्ता असतो. पुणे 'एक्स' वर्गात आणि कोल्हापूर 'वाय' वर्गात येतं, त्यामुळं पुण्याला भत्ता जास्त. पण राजारामपुरीचं भाडं आणि औंधचं भाडं यातला फरक त्याहून मोठा असतो, हे हिशेबात धरा. स्वयंसेवी संस्थांत रक्कम बहुधा याहून कमी असते, मात्र फिल्डचा खर्च, गाडी, राहणं यांची सोय कधीकधी बरी असते.

आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे पैसे येतात कधी. सरकारी फेलोशिपचा हप्ता चार-पाच महिने अडकणं ही नवलाई राहिलेली नाही. रुजू होताना संस्थेच्या लेखा विभागात चहा पिऊन यायचं आणि मागच्या फेलोला पैसे कसे मिळाले ते विचारायचं. सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर आधी प्रकल्पावरची नोकरी धरा.

वन्यजीव आणि हवामान अनुकूलन यांचा एकत्र अभ्यास म्हणजे नक्की काय? वाघांच्या प्रपोजलात 'हवामान बदल' शब्द घातला की झालं ना?

असं करणारे भरपूर आहेत आणि परीक्षकांना ते पहिल्या पानावर कळतं.

अनुकूलनाचा प्रश्न साधा आहे: हवा-पाऊस बदलतोय हे धरून चाललं, तर या जातीला, या जंगलाला, या गावाला काय करता येईल? त्यासाठी आधी तीन गोष्टी मोजाव्या लागतात. बदलाची झळ किती बसणार, ती जात त्या बदलाला किती नाजूक आहे, आणि तिच्यात सावरण्याची किती ताकद आहे. त्यानंतर निर्णयाची पायरी येते. अमेरिकेतल्या उद्यान आणि वन्यजीव खात्यांत गेल्या काही वर्षांत तीन पर्यायांची एक चौकट रूढ झाली आहे: बदलाला विरोध करायचा, बदल स्वीकारायचा, की बदलाला हवी ती दिशा द्यायची. आपल्या वनखात्यात या भाषेत कुणी बोलत नाही, पण निर्णय तेच असतात. उन्हाळ्यात पाणवठ्यात टँकरनं पाणी ओतणं म्हणजे विरोधच.

आता कोल्हापूर बघा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला पाचशे-सहाशेच्या आसपास. सकाळी एसटीनं निघालात तर दुपारच्या जेवणापर्यंत सदाहरित जंगलातून कोरडवाहू माळापर्यंत पोचता. पावसाच्या उतरंडीवर प्राणी, झाडं, पिकं कशी बदलतात हे बघायला लोक परदेशात मोठाले प्रकल्प मांडतात. आपल्याला ते आयतं मिळालंय. वर २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पुरात माणसांचं काय झालं हे खूप लिहिलं गेलं. नदीकाठच्या पाणमांजरांचं, कासवांचं, काठावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं काय झालं, यावर पोस्टडॉकचं अख्खं प्रपोजल उभं राहू शकतं.

डोंगरातला प्रश्न वेगळा. हवा तापली की जाती थंडाव्याच्या शोधात वर सरकतात, असं जगभर दिसतं. पण आपल्या पट्ट्यात सह्याद्रीचा माथा हजार मीटरच्या आसपास संपतो, त्यापुढं वर जायला डोंगरच नाही. मग दक्षिणोत्तर सरकायचं, म्हणजे काळी, भीमगड, तिलारी, राधानगरी, चांदोली अशी जोडलेली जंगलं टिकायला हवीत. विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं झाली, ती या साखळीतल्याच कड्या आहेत. वाघांचा कॉरिडॉर म्हणून त्यांची चर्चा होते. हवामानाच्या दृष्टीनं त्या कड्या बेडकांना, पालींना आणि झाडांनाही लागणार आहेत, हे कमी वेळा बोललं जातं.

गवे उसात येतात ते हवामान बदलामुळंच ना?

पुरावा दाखवा, मग बोलू. दाजीपूरचं जंगल १९५८ पासून राखीव आहे, आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि गवा ही त्याची ओळख. गवे बाहेर का येतात याची कारणं एकाहून जास्त असू शकतात: जंगलातल्या गवताळ जागांवर झुडपं आणि रानमोडी माजणं, उन्हाळ्यात पाणी आटणं, जंगलाच्या कडेपर्यंत बारमाही ऊस पोचणं, कळपांची संख्या वाढणं. यांतलं एक कारण पाऊसमानाशी जोडलेलं असेलही. पण ते वेगळं काढून दाखवणं हेच तर काम आहे. "हवामान बदलामुळं" असं आधी लिहून मग डेटा शोधणारा अर्ज मी तरी बाजूला ठेवेन.

उलट बाजूचं उदाहरणही लक्षात ठेवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी बिबट्यांवर काम केलं आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसलं की दाट वस्तीच्या शेतीच्या भागात, ऊस-मक्यात बिबटे राहतात, वाढतात. 'जंगल संपलं म्हणून भरकटलेला बिबट्या' ही सोपी गोष्ट त्या कामानं मोडली. चांगला अभ्यास असाच असतो. चावडीवर ठरलेलं उत्तर तो तपासून बघतो.

देशात कुठल्या फेलोशिप आहेत?

सगळ्यात ओळखीची नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप, म्हणजे एनपीडीएफ. आधी ती केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे सर्ब, द्यायचं, २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं आणि आता ते देतं. मुदत दोन वर्षं, वयाची अट ३५, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. पगाराखेरीज संशोधन खर्चाचं थोडं अनुदानही मिळतं, पण दहा-बारा कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि डिझेलमध्येच ते संपेल, तेव्हा प्रश्न बेतानं आखा.

इन्स्पायर फॅकल्टी ही त्यावरची पायरी: पाच वर्षं, महिना सव्वा लाख आणि वर्षाला ७ लाखांचं संशोधन अनुदान. वयाची अट खुल्या गटाला ३२, म्हणजे पीएचडी वेळेत झालेल्यांसाठीच. परदेशात काम करत असलेल्या भारतीयांना परत येण्यासाठी रामानुजन फेलोशिप आहे. महिलांसाठी डीएसटीची वाईज-पीडीएफ आहे. संसारामुळं खंड पडलेल्या मैत्रिणींनी ती जरूर बघावी. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची, रिसर्च असोसिएटशिपही आहे, पण इकॉलॉजीवाल्यांचे अर्ज तिथं कमी जातात, का कोण जाणे.

सारथी, बार्टी, महाज्योतीची फेलोशिप पोस्टडॉकला चालते का?

राज्य सरकारच्या या संस्थांच्या संशोधन फेलोशिप पीएचडी करणाऱ्यांसाठी आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहे. पोस्टडॉकसाठी डोळे केंद्राकडे किंवा परदेशाकडे लावायचे.

कोल्हापुरात राहूनच पोस्टडॉक करता येईल का?

येईल, पण 'राहून' म्हणजे काय ते ठरवा. फिल्ड कोल्हापुरात आणि संस्था दुसरीकडे, ही जोडी मला सगळ्यात चांगली वाटते. इथल्या विद्यापीठाकडं वर्गीकरणशास्त्राची भक्कम परंपरा आहे. वनस्पतिशास्त्र विभागातल्या प्रा. श्रीरंग यादव यांनी कंदीलपुष्पांवर आणि गवतांवर केलेलं काम देशभर माहीत आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रसंचालकांचं कार्यालयही शहरातच आहे. कमी पडतं ते संख्याशास्त्रीय मॉडेलिंग आणि हवामान डेटाची बाजू. त्यासाठी बेंगळुरूचं भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस, तिथलंच जीवशास्त्राचं केंद्र एनसीबीएस, पर्यावरणावर संशोधन करणारी एट्री, म्हैसूरचं नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि मॉन्सूनसाठी तिथलीच आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था, ही ठिकाणं आहेत. कोइमतूरचं सॅकॉन हे पक्षीशास्त्राचं केंद्र २०२३ मध्ये वन्यजीव संस्थेत विलीन झालं, तेव्हा जुन्या नावानं अर्ज पाठवू नका.

पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावरच कोल्हापूर पडतं. रात्रीची बस धरली की सकाळी लॅबमध्ये. संशोधकाला याहून सोयीचं शहर मिळणं अवघड, आणि हे मी कोल्हापूरचा म्हणून म्हणत नाही. बरं, थोडं म्हणतो.

माझी पीएचडी टॅक्सॉनॉमीतली, म्हणजे वर्गीकरणशास्त्रातली आहे. हवामानवाले मला घेतील का?

तुम्हीच त्यांना हवे आहात, फक्त त्यांना ते माहीत नसतं. मसाई पठारासारख्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पावसाळ्यात सुरुवातीला कुठलं रोप येतं, कातळातल्या डबक्यात काय जगतं हे ओळखणारा माणूस नसेल तर मॉडेलमध्ये घालायचं काय? २०२० मध्ये आंबोलीतून सिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा नव्यानं नोंदवला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. हिरण्यकेशी तीच, जी पुढं आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते. एवढ्याशा झऱ्यातल्या जातीला पाण्याचं तापमान दोन अंशांनी वाढलं तर काय होईल, हा वर्गीकरणातून थेट अनुकूलनात जाणारा प्रश्न आहे. तुमच्याकडं ओळख आहे, समोरच्याकडं गणित. प्रपोजलमध्ये ही देवाणघेवाण उघड लिहा.

कोणती कौशल्यं लागतात? मला आर ही आकडेमोडीची संगणकभाषा येत नाही.

मग आजपासून शिका. एक्सेल आणि एसपीएसएसवर पीएचडी निघते, पोस्टडॉक मिळत नाही.

आर ही भाषा नुसती येऊन भागत नाही, तिच्यात कशासाठी जायचं ते कळायला हवं. वन्यजीव इकॉलॉजीतलं मधलं दुखणं असं की प्राणी दिसला नाही म्हणजे तो तिथं नव्हता असं होत नाही. तुम्ही एका ओढ्यावर चार सकाळी गेलात, दोनदा गव्याच्या खुरांचे ठसे मिळाले, दोनदा नाही. त्या दोन 'नाही'चा अर्थ काय? यावर उत्तर म्हणून २००२ पासून ऑक्युपन्सी मॉडेल रुळली: एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन 'असण्याची' आणि 'सापडण्याची' शक्यता वेगवेगळी मोजायची. हवामानाच्या अभ्यासात ही फोड केली नाही तर हमखास घोटाळा होतो, कारण पावसात प्राणी कमी असतात की आपल्याला कमी सापडतात हेच कळत नाही. त्याच्या जोडीला अंतरावर आधारित मोजणी, ठिपके-पट्ट्यांवरून प्राणी ओळखून केलेली मोजणी, आधीची माहिती धरून शक्यता काढणाऱ्या बेझियन पद्धती आणि उपग्रहाची चित्रं हाताळणारं गूगल अर्थ इंजिन एवढं आलं की मुलाखतीत तोंड उघडता येतं.

हवामान डेटा वापरताना एक खाचखळगा सांगून ठेवतो. भारतीय हवामान विभागाची रोजच्या पावसाची चौकोनी जाळी १९०१ पासून मिळते आणि ती सोन्यासारखी आहे, पण तिचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा. घाटमाथा ते कोल्हापूर शहर हे अंतर अशा दोन-तीन चौकोनांत संपतं. जिल्ह्यातली पावसाची जी उतरंड तुमच्या अभ्यासाचा गाभा आहे, तीच या जाळीत सपाट होऊन जाते. तालुका-मंडळांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी, धरणांवरच्या नोंदी गोळा करून त्या जाळीशी ताडून बघणं हे कंटाळवाणं काम ज्यानं केलं, त्याचा पेपर मी आधी वाचेन.

आणि पक्ष्यांचं काम असेल तर ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळाकडं दुर्लक्ष नको. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला तो हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर. रंकाळ्यावर रविवारी दुर्बीण घेऊन फिरणाऱ्या मंडळींच्या याद्याही त्याच साठ्यात जातात.

दाजीपूरसारख्या जंगलात फिल्डवर्क कसं असतं?

कॅमेरा ट्रॅपचंच घ्या. झाडाच्या बुंध्याला, गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला काटकोनात न लावता किंचित तिरका लावायचा, समोरचं गवत कापायचं. गवत तसंच राहिलं तर वाऱ्यानं हलणाऱ्या पात्यांचे हजारो फोटो येतात आणि बॅटरी संपते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या, तरी दाजीपूरच्या धुक्यात काच आतून पाणावते. मुंग्या पेटीत संसार थाटतात. गवा अंग घासून कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडं करतो, मग पुढचा महिनाभर नुसती फांदी.

म्हणून बहुतेक जण जूनच्या आधी कॅमेरे काढून घेतात. याचा परिणाम बघा: पाऊस बदलतोय म्हणून आपण काळजी करतो आणि नेमका पावसाळ्यातलाच डेटा फार थोडा असतो. ध्वनी टिपणारी छोटी यंत्रं आता स्वस्त झाली आहेत. बेडूक आणि पक्ष्यांसाठी ती पावसातही चालतात, नीट झाकली तर. जळवांसाठी मोजे घ्या, मीठ-तंबाखूवर विसंबू नका.

आणि एक जागा जंगलाबाहेरची: वनखात्याचे पीकनुकसानीचे पंचनामे. त्यात गाव, पीक, प्राणी, क्षेत्र असं सगळं असतं. वर्षानुवर्षांच्या या नोंदी पाऊसमानाशी जोडून बघता येतात. मात्र कागदावरची तारीख पंचनाम्याची आहे की नुकसानीची, हे वनरक्षकाजवळ बसून समजून घ्या. आणि भरपाईचा दर वाढला की अर्जही वाढतात. ती वाढ गव्यांची धरू नका.

परवानग्या कशा मिळतात?

वेळेआधी मागितल्या तर मिळतात. अभयारण्यात संशोधनासाठी शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी लागते. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात; प्रस्ताव स्थानिक कार्यालयाच्या शेऱ्यासह तिथं जातो. प्राणी पकडायचा, बेशुद्ध करायचा, माग काढणारी रेडिओ कॉलर लावायची असेल तर कलम १२ लागू होतं, आणि सर्वाधिक संरक्षण असलेल्या अनुसूची एकमधल्या प्राण्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत जातं. गवा अनुसूची एकमध्ये आहे. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये कॉलरिंगचं स्वप्न बघणाऱ्यांनी हे कॅलेंडरवर मांडून बघावं. कॅमेरा, विष्ठा, आवाज यांवर भागत असेल तर भागवा.

परदेशी संस्था सोबत असेल तर जैवविविधता कायदा २००२ येतो आणि चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण येतं. नमुना बाहेर पाठवायच्या आधी हे करायचं, नंतर नाही. "सर म्हणाले, डीएनए काढून पाठव, काय होत नाही" असं कुणी म्हणालं तर त्या सरांना लेखी द्यायला सांगा.

परवानगी कागदावर मिळाली तरी जंगल तुम्हाला वनमजूर आणि धनगरवाड्यावरची माणसं दाखवतात. त्यांना रोजंदारी वेळेवर द्या, पेपरात आभार माना, आणि काम संपलं की चार पानांचा मराठी अहवाल गावात आणि रेंज ऑफिसात नेऊन द्या. पुढच्या वर्षी येणाऱ्या संशोधकाला चहा मिळेल की नाही, हे त्यावर ठरतं.

ओळख नसलेल्या प्राध्यापकांना ई-मेल कसा लिहायचा?

छोटा. 'रिस्पेक्टेड सर, मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे' या वाक्यानं सुरू झालेला मेल पुढं वाचला जात नाही. त्याऐवजी पहिल्याच ओळीत काम आणा. समजा, समोरच्यांनी गव्यांची घनता लाइन ट्रान्सेक्टवर, म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवरून चालत मोजून, काढली आहे. तर असं लिहिता येईल की माझ्या भागात उतार इतका तीव्र आहे की ट्रान्सेक्ट सरळ राहत नाही, म्हणून मी कॅमेऱ्यांवरून घनता काढली, आणि कळपाचा आकार धरताना अमुक ठिकाणी अडलो. दुसऱ्या परिच्छेदात तुम्हाला काय करायचंय आणि कुठल्या फेलोशिपमधून, ते. तिसऱ्यात तारीख. सीव्ही दोन पानांचा, सोबत एकच पेपर. जन्मतारीख, वडिलांचं नाव, छंद हे सीव्हीतून काढा.

दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. त्यानंतर पुढचं दार. आणि मेल पाठवण्याआधी त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या एखाद्याशी फोनवर बोला. प्राध्यापकांची कीर्ती आणि वागणूक या दोन गोष्टी नेहमी एका पानावर नसतात.

किती पेपर लागतात?

पहिलं नाव असलेले दोन-तीन, नावाजलेल्या नियतकालिकांत. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमधले दहा असतील तर सीव्हीत न घातलेले बरे.

परदेशात कुठं बघायचं?

युरोपसाठी मेरी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप. कुठल्याही देशाच्या नागरिकाला चालते, पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांपेक्षा जास्त नको, आणि ज्या देशात जायचं तिथं आधीच्या तीन वर्षांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. अर्ज बहुधा सप्टेंबरमध्ये बंद होतात. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप ६ ते २४ महिन्यांची आहे, पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, आणि तिला एकच ठरावीक शेवटची तारीख नाही. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, ८ ते २४ महिने, तिथंही पीएचडी चार वर्षांच्या आतली हवी.

अमेरिकेत या विषयाचं घर म्हणजे भूगर्भ सर्वेक्षण खात्याची क्लायमेट अडॅप्टेशन सायन्स सेंटर्स. एक राष्ट्रीय आणि ९ प्रादेशिक, विद्यापीठांशी जोडलेली. वन्यजीव व्यवस्थापक आणि हवामानशास्त्रज्ञ एकत्र बसून प्रश्न ठरवतात, ही त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. मात्र २०२५ पासून तिथल्या सरकारी संशोधन निधीला कात्री लागली आहे, तेव्हा ऑफर आली तर पैसे कुठल्या वर्षापर्यंत मंजूर आहेत हे स्पष्ट विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर, म्हणजे संशोधक-विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या व्हिसावर, गेलं की दोन वर्षं भारतात परतावंच लागतं का?

सगळ्यांना नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनं, ही अट कुठल्या देशांच्या लोकांना लागते ते ठरवणारी आपली कौशल्य यादी बदलली आणि तिच्यातून भारताचं नाव निघालं, त्यामुळं केवळ त्या यादीमुळं लागणारी अट आता भारतीयांना लागत नाही. पण सरकारी पैशावर गेलात, उदाहरणार्थ फुलब्राइटवर, तर दोन वर्षांची अट राहतेच.

मुलींसाठी हे क्षेत्र कसं आहे?

चांगलं काम करणाऱ्या बायका या क्षेत्रात भरपूर आहेत, आणि अडचणीही खऱ्या आहेत. रुजू होण्याआधी विचारायचे प्रश्न: फिल्ड स्टेशनला कडी लागणारी खोली आणि संडास आहे का, सोबत कोण असतं, रात्रीच्या कामाचा नियम काय, तक्रार समितीत कोण आहे. ही विचारपूस ज्या लॅबला आवडत नाही ती लॅब नको. डीएसटीच्या फेलोशिप नियमांत प्रसूती रजा आहे. ती हक्काची आहे, कुणाच्या मेहरबानीची नाही. "जंगलात एकटी कशी राहणार?" हा प्रश्न घरून येईल. वडिलांना एकदा फिल्डवर घेऊन जा, असं एका मैत्रिणीनं केलं. तिचे वडील आता तिच्यापेक्षा जास्त पक्षी ओळखतात.

पोस्टडॉकनंतर काय? पर्मनंट जागा मिळते का?

जागा कमी, भरती अडकलेली, आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, पैसे घेत वर्षं काढणारे सेट-नेट-पीएचडी तुम्ही रोज बघता. पोस्टडॉकनं हे चित्र पालटत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०. नियम बदलले की हेही बदलेल. ते १० गुण मिळवायला पोस्टडॉक करू नका, महागात पडेल.

मात्र वाटा बऱ्याच आहेत. स्वयंसेवी संस्थांत शास्त्रज्ञ, राज्य आणि जिल्ह्यांच्या हवामान कृती आराखड्यांवर सल्लागार, व्याघ्र प्रकल्पात जीवशास्त्रज्ञ, पर्यावरण परिणाम मूल्यमापनाच्या कंपन्या. शेवटच्या वाटेवर पैसे बरे आहेत आणि झोप कमी; खाणीच्या अहवालात 'परिसरात महत्त्वाचे वन्यजीव नाहीत' या वाक्याखाली सही मागितली जाते तेव्हा काय करायचं, हे नोकरी धरायच्या आधी ठरवा. माधव गाडगीळ समितीचा २०११ चा पश्चिम घाट अहवाल आणि त्यावरचं आपल्याकडचं राजकारण वाचलंत तर या खुर्चीवर कुठून कुठून जोर येतो ते कळेल.

पीएचडीचं शेवटचं वर्ष चालू आहे. आत्ता काय करू?

थिसिसचा एक धडा पेपर म्हणून पाठवून द्या, व्हायव्हाची वाट बघू नका. तीन रेफरन्स कोण देणार ते पक्कं करा. त्यातला एक तरी तुमच्या विद्यापीठाबाहेरचा असू द्या. फेब्रुवारी-मार्चपर्यंत दोन प्राध्यापकांना मेल गेलेले असले, तर सप्टेंबरच्या मेरी क्युरीसाठी प्रपोजल एकत्र लिहायला वेळ मिळतो. एनपीडीएफची जाहिरात कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पाच पानांचा मसुदा तयार ठेवा. पुढच्या हंगामासाठी कलम २८ ची परवानगी लागणार असेल, तर तो अर्ज गणपतीच्या आधी टाका.